उतारावर बी लावणे

दिनांक तीन ऑक्टोबर, सकाळचे साडेनऊ. गाडीत जीव चार.

चाकामागे संस्थेचा चालक, वय सत्तावन्न. शेजारी मोटारीच्या कार्यशाळेतून आलेली प्रशिक्षिका, मांडीवर टाचणवही. मागच्या बाकावर मुख्य संपादक, आणि त्यांच्या बाजूला भांडारपाल. गाडी टेकडीच्या माथ्यावर संस्थेच्या फाटकात उभी होती. खाली सात वळणांचा अडीच किलोमीटर उतार होता. निवृत्तीपर्यंतचे उरलेले चौदा महिने चालकाने गाडीत काढायचे की फाटकाजवळच्या खोलीत किल्ल्यांच्या कपाटासमोर, हे त्या उतारावर, येत्या दहा मिनिटांत ठरायचे होते.

माणसाची उपयुक्तता दहा मिनिटांत मोजावी का, हा प्रश्न रास्त आहे. पण तो त्या सकाळी कोणी विचारला नाही, आणि चालकाला तर तो सुचलाही नाही. तो शर्टाचा खिसा चाचपून पाहत होता. खिशात भोपळ्याच्या चार बिया होत्या.

त्या तिथे कशा आल्या, हे सांगण्यासाठी जूनपर्यंत मागे जावे लागते.

ही संस्था शब्दकोश तयार करते. काम चाळीस वर्षे चालू आहे आणि सध्या ‘भ’पाशी आहे. संस्थेत सगळे चालकाला ‘सावकाश’ म्हणतात. हाका मारायच्या त्या ‘सावकाश, गाडी काढ’ अशाच. आणि नवख्या पाहुण्याला ही हाक आहे की सूचना, हे कळायला आठवडा लागतो. नाव त्याने कमावलेले होते. एकोणतीस वर्षांत या सात वळणांवर त्याने कोणाच्या हातातला चहा सांडू दिला नव्हता. त्याची जुनी डिझेलची गाडी उतारावर आली की तो दुसरा गिअर टाकी आणि ब्रेकवरचा पाय काढून घेई. इंजिन गुरगुरत गाडीला धरून ठेवी. “दुसऱ्यात टाकली की गाडी स्वतःची कॉलर स्वतःच पकडते,” असे तो सांगे. या वाक्यात यंत्रशास्त्राचा एक संपूर्ण धडा होता, पण वाक्य चालकाचे असल्यामुळे ते कोणी टिपून घेतले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जुनी गाडी गेली आणि नवी आली. नवी गाडी दोन्हींवर चालणारी होती: रात्रभर भिंतीतल्या प्लगला लावून ठेवली की पहिले पन्नास-साठ किलोमीटर विजेवर, पुढे पेट्रोलवर. मधल्या बटणाने कधी काय वापरायचे ते निवडता येई. तिचा आणखी एक गुण असा की वेग कमी करताना चाकांचा जोर वाया न घालवता ती त्याची वीज करून बॅटरीत साठवी. उतार हे तिचे उत्पन्न होते.

गाडीचे प्रशिक्षण पहिल्याच दिवशी झाले. सभागृहात दीड तास. प्रशिक्षिकेने पडद्यावर चित्रे दाखवली. मुख्य संपादक हजर होते, चार उपसंपादक हजर होते, आणि भांडारपाल पुढच्या रांगेत, हाताची घडी घालून, डोळे मिटून हजर होते. यांच्यापैकी कोणीही गाडी चालवत नव्हते. जो चालवत होता, तो बाहेर नव्या गाडीच्या काचांवरचे चिकट कागद काढत होता.

प्रशिक्षण संपल्यावर भांडारपालांनी त्याला सार सांगितले. या दोघांचे सख्य विळ्या-भोपळ्याचे होते, आणि भांडारपाल आपल्याला विळा समजत.

“हे बघ सावकाश, सोपं आहे. दांडा पुढे केला की पी, पार्किंग. मग आर, रिव्हर्स. एन न्यूट्रल. डी म्हणजे ड्राइव्ह. झालं तुझं शिक्षण.”

“आणि डीच्या खाली हे काय आहे? बी?”

सभागृहात बीची पाळी आली तेव्हा भांडारपाल झोपेत होते. पण अज्ञान कबूल करणे त्यांच्या पदाला शोभण्यासारखे नव्हते. “त्याला हात लावायचा नाही,” ते म्हणाले.

हात का लावायचा नाही, याचे उत्तर सावकाशने स्वतः शोधले. पी पार्किंगचा, आर रिव्हर्सचा. तर बी कशाचा? बंदचा. चालती गाडी एकदम बंद पडली तर सातव्या वळणावर काय होईल, ते त्याने डोळ्यांपुढे आणले आणि त्या अक्षरावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकला.

दोन दिवसांनी लेखी सूचना आली. संस्थेचा नियम असा की कार्यालयीन कागदावर रोमन अक्षर येऊ द्यायचे नाही. प्रशिक्षिकेच्या टिपणातले वाक्य त्यामुळे मुख्य संपादकांनी स्वतः देवनागरीत उतरवले, दोनदा तपासले आणि गाडीच्या चावीला दोऱ्याने बांधून पाठवले:

‘चालकाने उतारावर न विसरता बी लावणे. गाडीच्या दीर्घायुष्यासाठी व पर्यावरणासाठी हे हितावह आहे.’

सावकाशने सूचना चावीसकट खिशात घातली आणि घरी गेला. घरात तो आणि त्याची थोरली बहीण. दोघांचीही लग्ने राहून गेली होती, कोणाची कोणामुळे यावर वाद होता. बहिणीला अख्खी गल्ली माई म्हणे. ती शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून निवृत्त झाली होती, आणि स्वयंपाकघराच्या फळीवर औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत बिया ठेवी. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: जात, साल, संख्या.

“माई, थोडी बी हवी होती.”

“कशाला रे? तुला कुंडीत तुळस जगवता येत नाही.”

“ऑफिसचं काम आहे. लेखी आहे.”

माईने चष्मा लावून सूचना वाचली. उलटी करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

“वाचलं तर असंच वाचतंय,” ती म्हणाली. “आणि बरोबर आहे त्यांचं. गाडी धूर सोडते, झाड तो धूर खातं. जिथून गाडी जाते तिथेच लावलं की हिशोब तिथल्या तिथे. शिकलेली माणसं आहेत बाळ, उगाच नाही लिहायची.”

“गाडीच्या दीर्घायुष्याचं काय पण?”

“मुळं माती धरतात. दरड पडली नाही की गाडी जगते. एवढं कळत नाही आणि म्हणे चालक.”

विज्ञानाची इतकी भक्कम बाजू मिळाल्यावर सावकाशच्या मनात शंका उरली नाही. माईने लाल भोपळ्याची बाटली काढली. चिठ्ठीवर लिहिले होते: दोनशे.

“उसनी देतेय. भोपळा तुमच्या संस्थेने खावा, वाटावा, डोक्यावर घेऊन नाचावं. माझी बी मला परत. मोजून.”

“मोजून.”

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. वळणे सात, वळणाला दोन बिया. सकाळी संपादकांना आणण्यासाठी रिकामी गाडी खाली नेताना तो प्रत्येक वळणाच्या कडेला थांबे, उतरे, स्क्रूड्रायव्हरने बोटभर खड्डा करी, बी लावी, माती सारखी करी आणि पुढे जाई. मागच्या डिकीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन असे. सगळा उतार तो इतक्या हळू उतरे की रस्त्यावरची कुत्री कंटाळून पाठलाग सोडून देत.

याच सुमारास गाडीने त्याच्या श्रद्धेला पुरावा दिला. गाडी हळुवार चालवली की समोरच्या पडद्यावर शाबासकी म्हणून एक हिरवे पान उमटे. सावकाशने पहिल्या वळणावर दोन बिया लावल्या, गाडीत बसला, सावकाश निघाला, आणि पडद्यावर पान आले.

“माई, गाडीला कळतं गं!” त्याने संध्याकाळी सांगितले. “इकडे लावलं, तिकडे पान.”

“सेन्सर असेल,” माई शांतपणे म्हणाली.

चौदा दिवसांत एकशे शहाण्णव बिया लागल्या. उरलेल्या चार त्याने शर्टाच्या खिशात ठेवल्या, कारण सूचनेत ‘न विसरता’ असा शब्द होता आणि बिया संपल्या ही सबब लेखी आदेशापुढे टिकत नाही. पुढे तो नुसते पाणी घालू लागला. वेल आले. पिवळी फुले आली. खाली येणारी माणसे म्हणत, ‘बांधकाम खात्याने या वर्षी बरं काम केलं.’ सप्टेंबरअखेर तीन भोपळे धरले होते आणि चौथा, सर्वांत मोठा, पाचव्या वळणाच्या वरच्या बांधावर आडवा पसरला होता.

मात्र संपादक गाडीत असताना थांबून बी लावणे शक्य नव्हते, आणि संध्याकाळी तर गाडी भरलेली असे. त्या सगळ्या फेऱ्यांत तो सातही वळणे पायाचा ब्रेक दाबत उतरे. दुसरा गिअर शोधायला त्याचा हात अजून जाई आणि रिकामा परत येई. उतारावर त्याला पोरके वाटे, पण पोरकेपण गाडीच्या दुरुस्तीवहीत लिहायला रकाना नसतो.

एक ऑक्टोबरला गाडी तपासणीहून परत आली. पुढचे ब्रेक पॅड चार महिन्यांत झिजून बदलावे लागले होते. सोबत एक अहवाल होता. संपादकांनी सावकाशला खोलीत बोलावले. भांडारपाल आधीच तिथे उभे होते.

“बसा,” संपादक म्हणाले. ते सगळ्यांना अहो-जाहो करत, शिपायांनाही. रागावले की अधिकच. “तुम्हाला लेखी सूचना मिळाली होती?”

“हो सर. चावीलाच बांधलीय अजून.”

“मग उतारावर बी लावत नाही का तुम्ही?”

“लावतो की सर!” सावकाश दुखावला. “जूनमध्ये तर रोज लावलं. वळणाला दोन-दोन.”

“वळणाला दोनदा? कशाला? एकदा लावलं की पुरे.”

“एखादं फुकट जातं सर. सगळीच काही धरत नाहीत.”

संपादकांनी अहवालाकडे पाहिले. यंत्रातल्या दोषाची शक्यता त्यांनी प्रामाणिकपणे विचारात घेतली. “धरत नाही? मग तुम्ही काय करता?”

“पाणी घालतो.”

“पाणी? कुठे?”

“मुळाशी.”

भांडारपाल खोकले. “सर, मी म्हणत होतो ना, वय झालंय. मी गाडी शिकलोय. परवानाही आहे.”

“थांबा हो.” संपादकांनी कागद पुढे केला. “हे पाहा. कार्यशाळेच्या संगणकाने नोंद काढली आहे. चार महिन्यांत उतारावर तुमचा भोपळा आहे.”

सावकाशचा चेहरा उजळला. इतक्या लांबच्या कार्यशाळेला हे कसे कळले, याचे त्याला नवल वाटले. पण पडद्यावरचे पान आठवून त्याने ते मान्य केले.

“एक नाही सर,” तो नम्रपणे म्हणाला. “तीन आहेत. आणि चौथा पाचव्या वळणावर. पण तो अजून काढण्यासारखा नाही.”

खोलीत जी शांतता पसरली, तिचा अर्थ त्याने समाधान असा लावला. संपादकांनी तिचा अर्थ उद्धटपणा असा लावला होता. शब्दांचे अर्थ ठरवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला शांततेचे अर्थ लावता येतातच असे नाही. “परवा सकाळी परीक्षा होईल,” ते म्हणाले. “प्रशिक्षिका येतील. पास झालात तर ठीक. नाहीतर चाव्या यांच्याकडे.”

घरी माईने विचारले, “परीक्षा कसली?”

“उतारावरच्या कामाची.”

“मग घाबरतोस काय? तुझे वेलच बोलतील की. त्या उरलेल्या चार बिया असू देत खिशात. प्रात्यक्षिक मागतील.”

तीन ऑक्टोबरला, साडेनऊ वाजता, तो या तयारीनिशी चाकामागे बसला होता.

“बॅटरी एक्केचाळीस टक्के,” प्रशिक्षिकेने वहीत लिहिले. “दादा, खाली पोचेपर्यंत हा आकडा वाढायला हवा. पायाचा ब्रेक होता होईल तो वापरायचा नाही. काय करायचं ते माहीत आहे ना?”

“माहीत आहे ताई. पण थांबत थांबत जावं लागेल.”

“थांबायचं अजिबात नाही.”

पहिली चार वळणे सावकाशने ब्रेकला पायाच्या अंगठ्याने चोरून स्पर्श करत काढली. प्रत्येक स्पर्शाला प्रशिक्षिका वहीत एक फुली मारी. मागे भांडारपाल फुल्या मोजत होते, मोठ्याने.

पाचव्या वळणावर चौथा भोपळा खाली आला.

त्याचा देठ वजनाने पिचला होता, बांधाची माती सुटली होती, आणि मुळे माती धरतात हा माईचा सिद्धान्त फळाला लागू नव्हता. तो धप्पकन रस्त्यावर पडला, एक गिरकी घेतली, आणि उताराने गाडीच्या पुढे पुढे गडगडत निघाला. गाडी मागून निघाली. दोघांचाही वेग वाढत होता.

“अहो, भोपळा!” संपादक ओरडले.

“हाच तो सर! चौथा!”

“दादा, बी लावा!” प्रशिक्षिका म्हणाली.

“आत्ता?”

“आत्ताच! उतारावरच लावतात!”

“ते ठाऊक आहे हो ताई, पण चालत्या गाडीतून कसं लावू? उतरू का?”

“उतरू काय! नुसतं लावा!”

अधिकारी व्यक्तीने इतक्या स्पष्टपणे सांगितल्यावर सावकाशपुढे मार्ग उरला नाही. त्याने एका हाताने चाक धरले, दुसऱ्या हाताने खिशातून एक बी काढली आणि खिडकीतून बांधाच्या दिशेने फेकली.

“लावलं,” तो म्हणाला.

“काय लावलं?”

“बी.”

प्रशिक्षिकेची लेखणी थांबली. मागच्या बाकावर मुख्य संपादक मात्र पुढे सरकले. एवढ्या धोक्यातही त्यांच्या चेहऱ्यावर असे काही उमटले, जे त्यांच्या सहकाऱ्यांनी एरवी फक्त एखादी जुनी व्युत्पत्ती सापडल्यावर पाहिले होते.

“थांबा. थांबा. बी… स्त्रीलिंगी?”

“भोपळ्याची सर!”

“पहिला अर्थ!” संपादक उद्गारले. “यांनी पहिला अर्थ घेतला! आणि बरोबरच घेतला! वाक्यात दुसऱ्या अर्थाला आधारच नाही! कोणी लिहिलं ते वाक्य?”

“तुम्हीच, सर,” भांडारपाल म्हणाले.

“सर, वळण!” प्रशिक्षिका किंचाळली. “दादा, दांड्यावरचा बी! डीच्या खालचा! ती पट्टी काढा!”

“ते बंद आहे ताई! मरू आपण!”

“कोण म्हणालं बंद?”

सावकाशने आरशात पाहिले. आरशात भांडारपाल होते, आणि भांडारपाल खिडकीतून निसर्ग पाहत होते.

भोपळा सहाव्या वळणाला लागला होता. त्याच्या पोटात माईची बी होती, मोजून परत करायची. पायाने जोरात ब्रेक मारावा तर परीक्षा गेली. न मारावा तर भोपळा गेला, माईची बी गेली, आणि वळणही जवळ आले होते. त्याने नखाने चिकटपट्टी ओरबाडली, डोळे बारीक केले, दांडा खाली ओढला आणि शेवट येण्याची वाट पाहिली.

शेवट आला नाही. गाडीने स्वतःची कॉलर पकडली. कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवून ‘हळू’ म्हणावे, तशी ती मंदावली; धक्का नाही, किंचाळणे नाही. बारीक गुंजन करत ती वळणात शिरली. सावकाशचा पाय ब्रेकवरून आपोआप उचलला गेला. तो एकोणतीस वर्षे असाच उचलला जात होता.

“अगं बाई,” तो पुटपुटला. “ही तर दुसऱ्या गिअरची बहीण!”

उरलेला उतार त्याने जुन्या सवयीने काढला. भोपळा पुढे, गाडी मागे, मध्ये दहा-बारा पावले. पायलटच्या गाडीमागून मंत्री जावा, तसे मुख्य संपादक त्या भोपळ्यामागून गावात आले. तळाशी मोरीच्या कठड्याला तो हळूच टेकला आणि थांबला. गाडीही थांबली. भोपळ्याला एक ओरखडा होता. गाडीला नव्हता.

“चव्वेचाळीस टक्के,” प्रशिक्षिका म्हणाली. “बी ब्रेकचा असतो, बंदचा नव्हे. तीन टक्के कमावले, तेही शेवटच्या दोन वळणांत. दादा, हे शिकलात कुठे?”

“डिझेलवर.”

“तुम्हाला पहिल्या दिवशी सभागृहात का नाही बोलावलं?”

याचे उत्तर गाडीत तिघांना माहीत होते.

चाव्या सावकाशकडे राहिल्या. सूचना नव्याने लिहिण्यासाठी तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत ‘बी’ऐवजी ‘ब’ सुचवला गेला. दुसरीत ‘ब’ म्हणजे काय, असे सावकाशने विचारले. तिसरीत ठरले की सूचना न लिहिता त्याला विचारावे. ‘ब’चा खंड सात वर्षांपूर्वीच छापून झाला होता, तरी संपादकांनी ‘बी’च्या चिठ्ठीवर चौथा अर्थ जोडला आणि पुरवणीच्या खोक्यात ठेवला. भांडारपाल सध्या सांगतात की तो अर्थ त्यांनी सुचवला.

चारही भोपळे संस्थेत आणून कापले आणि वाटले. प्रत्येकाच्या फोडीबरोबर बिया गेल्या, आणि प्रत्येकाने त्या धुऊन, वाळवून, परत आणून देतो असे सांगितले. सर्वांत मोठी फोड भांडारपालांनी नेली. सावकाशने खिशातल्या तीन बिया माईला त्याच संध्याकाळी दिल्या. तिने त्या बाटलीत टाकल्या, बाटली हलवून आवाज ऐकला, आणि जुनी चिठ्ठी खोडून नवी लावली.

ती रोज विचारते, “आली का रे?”

तो म्हणतो, “सावकाश येईल.”

सूचनेतल्या वाक्याबद्दल चालकाची माफी अद्याप कोणी मागितलेली नाही. माईच्या एकशे सत्त्याण्णव बिया परत यायच्या आहेत.